सतरा नंबरची मुलं

"परब बाई, ही सात नावं. ही मुलं दहावीला आपल्याकडे नकोत."

घाग सरांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि लगेच मोबाइलमध्ये डोकं घातलं. एप्रिल महिना होता. नववीचे गणिताचे पेपर तपासून मी गठ्ठा नुकताच त्यांच्या टेबलावर ठेवला होता. निकालपत्रक अजून तयारही व्हायचं होतं.

"सर, यातली चौघं फक्त गणितात गेलीत. जूनमध्ये फेरपरीक्षा आहे ना."

"फेरपरीक्षेत पास झाली तर दहावीत घ्यावी लागतील."

"मग घेऊ."

"आणि मार्चमध्ये बोर्डात गेली तर? नको बाई. सतरा नंबर करा."

आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं असेल तर बोर्डाचा एक फॉर्म असतो. सगळे त्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठी तो आहे. लवकर लग्न झालेली बाई, वर्षानुवर्षं वॉचमनची ड्यूटी केलेला माणूस, अशांनी तो भरावा आणि दहावी व्हावं. चांगली सोय आहे. तिचा दुसरा उपयोग आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होता. नववीतल्या कच्च्या मुलाच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा आणि सांगायचं, बाहेरून बस. मूल पास झालं तर त्याचं नशीब. नापास झालं तर शाळेच्या निकालात त्याचं नाव नाही.

आमची शाळा लालबाग आणि परळच्या मधल्या एका गल्लीत. मराठी माध्यम, पाचवी ते दहावी, अनुदानित. अनुदानित म्हणजे पगार सरकारचा आणि इमारत, कारभार संस्थेचा. पूर्वी दोन पाळ्यांत भरायची म्हणे. मी लागले तेव्हा एक पाळी राहिली होती. मी गेटवर पहिल्यांदा गेले तेव्हा 'शंभर टक्के निकालाची परंपरा' हा बोर्ड होता, आणि आजही आहे.

घाग सर दुष्ट माणूस नव्हते. हे मी त्यांच्यासाठी नाही, खरं आहे म्हणून लिहितेय. पैसे नाहीत म्हणून कुणाची सहल चुकली असं त्यांनी होऊ दिलं नाही. पण या सात नावांच्या आदल्या वर्षी आमचा एक मुलगा इंग्रजीत गेला आणि परंपरा तुटली. त्यानंतर शिक्षण खात्याची आढावा बैठक झाली. परीक्षा विभाग माझ्याकडे होता म्हणून सर मलाही घेऊन गेले.

पडद्यावर या भागातल्या सगळ्या शाळा एकाखाली एक. गिरगावपासून दादरपर्यंत. प्रत्येकीपुढे तीन रकाने. दहावीचा निकाल, पटसंख्या म्हणजे एकूण मुलं, आणि एका मुलामागे सरकारचा होणारा खर्च. चांगलं ते हिरवं, बरं ते पिवळं, वाईट ते लाल. आमच्या निकालाचा रकाना हिरव्यावरून पिवळा झाला होता.

अधिकारी मॅडम म्हणाल्या, "घाग सर, तुमच्या गेटवर तो शंभर टक्क्यांचा बोर्ड अजून आहे का? की खडूने काहीतरी खोडलंय?"

हॉल हसला. ज्यांचे रकाने लाल होते तेही हसले. सर उभे राहून "सुधारणा करतो, मॅडम" एवढंच म्हणाले. परत येताना टॅक्सीत ते खिडकीबाहेर बघत होते. भारतमाता टॉकीजपाशी सिग्नल लागला तेव्हा म्हणाले, "एका पोरापायी." तो पोरगा परीक्षेच्या काळात वडिलांबरोबर हॉस्पिटलात रात्री काढत होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तर ती सात नावं. मी कागद परत सरांकडे सरकवला.

"मला मे महिना द्या, सर. मी तयारी करून घेते. फेरपरीक्षा कडक घ्या, पेपर दुसऱ्या कुणाला तरी काढू द्या. जे पास होतील ते दहावीत."

"सुट्टीत शाळा बंद असते. हॉल लग्नांना दिलाय."

"जागा मी बघते."

"बघा," सर म्हणाले.

जागा मिळाली ती आमच्या चाळीखालच्या गणपती मंडळाच्या कार्यालयात. मंडळाच्या पोरांनी एका कोपऱ्यात रचलेले ढोल मागे सरकवले, पंखा दुरुस्त करून दिला आणि दुपारी कॅरम बंद ठेवायचं कबूल केलं. सातही मुलं यायची. दोघं शिवडीची, त्यांचे वडील गोदामात मालाची चढउतार करणारे. एक प्रभादेवीचा. बाकीची आजूबाजूची. मराठी शाळेतली मुलं सुट्टीत गावी जातात, कोकणात. ही गेली नाहीत. प्रभादेवीच्या पोराची आजी गावाहून रोज फोन करायची, आंबे संपत आले म्हणून. तो फोन माझ्या कानाला लावायचा आणि मी आजीला समजावायचे.

या सातांत प्रणाली होती. आई परळच्या हॉस्पिटलात आया, कंत्राटावर. वडील नव्हते. प्रणाली हुशार नव्हती. अशा गोष्टींत नंतर कळतं की पोरगी भारी चित्रं काढायची किंवा गायची. तसंही काही नव्हतं. तिला गणित उशिरा कळायचं, एवढंच. आणि कळलं नाही तर ती मान हलवायची नाही. बाकीची मुलं मान हलवतात, म्हणजे बाई पुढे जातात.

तिचं घोडं उणे संख्यांवर अडलं होतं. उणे पाचात तीन मिळवले तर उणे आठ लिहायची. मी संख्यारेषा काढली, उसनवारी सांगितली, थंडीचं तापमान सांगितलं. मुंबईच्या पोरीला शून्याखालचं तापमान काय कळणार.

एके दिवशी तीच म्हणाली, "बाई, आईच्या हॉस्पिटलात लिफ्ट आहे. जी म्हणजे तळमजला. त्याच्या खाली बी-वन, बी-टू. ते उणे का?"

"हो. मग बी-टूवरून तीन मजले वर गेलीस तर?"

तिने बोट हवेत वर नेलं. "बी-वन. जी. पहिला." मग वही ओढली. "म्हणजे उणे दोन अधिक तीन बरोबर एक! असं सरळ का नाही सांगत तुम्ही?"

शिवडीची दोघं खोखो हसली. मीही हसले. त्यानंतर पुढचा आख्खा आठवडा सगळं बीजगणित आम्ही लिफ्टमधून केलं.

जूनमध्ये फेरपरीक्षेच्या दिवशी मी प्रश्नपत्रिका घेऊन वर्गात गेले. वर्ग रिकामा. मी बाकांवर बैठक क्रमांक लिहिले, खिडक्या उघडल्या. मुलं येईनात. पावसामुळे उशीर झाला असेल म्हणून थांबले. शेवटी शिपाई झाडू घेऊन आला.

"बाई, कोणाची वाट बघताय? ती पोरं दाखले घेऊन गेली ना."

"कधी?"

"परवा. आईबापांना बोलावलेलं सरांनी. तुम्हाला माहीत नाय?"

मी प्रश्नपत्रिका तशाच घेऊन केबिनमध्ये गेले. सर फोनवर होते. मी बसले नाही.

"सर, मुलांना दाखले दिले?"

"पालकांनी मागितले. अर्ज आहेत सगळ्यांचे. सह्या आहेत."

"अर्ज कुणी लिहिले?"

"बाई, बसा."

"महिनाभर मुलं माझ्याकडे येत होती. तुम्ही 'बघा' म्हणालात."

"बघा म्हणालो. घेतो म्हणालो नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "संस्थेच्या सचिवांचा फोन होता. यंदा शंभर नाही लागला तर नव्या ॲडमिशन येणार नाहीत म्हणतात. ॲडमिशन नाही तर शाळा नाही. सात मुलांसाठी बाकीच्यांचं नुकसान करू का मी? तुम्हीच सांगा."

मी तेव्हा एक प्रश्न विचारायला हवा होता, जो मला वर्षभराने सुचला. तो पुढे येईल.

संध्याकाळी प्रणालीच्या घरी गेले. आई ड्यूटीवरून नुकतीच आली होती. खोलीत एका बाजूला ओट्यावर भात शिजत होता. प्रणाली मला बघून पोटमाळ्यावर चढून बसली.

"बाई, बसा ना. च्या टाकते."

"चहा नको. प्रणालीचा दाखला का घेतलात?"

ती बाई गोंधळली. "सर बोलले, वर्ष वाचतं. नववी नापास झाली तर परत नववीत बसवतील. सतरा नंबर भरला की सरळ दहावी. वर्ष कशाला फुकट घालवता, बोलले."

"आणि फेरपरीक्षेचं?"

"ते पण बोलले. परब बाईंना हौस आहे, पण पोरगी त्यात पण गेली तर काय, बोलले. मग बोलले की तुम्ही स्वतःच तिला कच्ची आहे असं लिहून दिलंय." ती थांबली. "दिलंय का तुम्ही?"

मी दिलं होतं. प्रत्येक वर्गशिक्षक देतो. कुणाला जादा तासांची गरज आहे त्याची ती यादी असते. त्याच यादीवरून मी मंडळाच्या कार्यालयात मुलं बसवली आणि त्याच यादीवरून सरांनी दाखले काढले.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. बाहेरून बसायचं म्हणजे शाळा नाही, शिक्षक नाहीत, बाक नाही, तिने एकटीने सहा विषय करायचे. आई ऐकत राहिली. तिच्या हातात भाताचा डाव होता. मग ती म्हणाली, आवाज न चढवता, "पाचवीच्या वेळेला तुम्हीच आलेलात ना आमच्या दारात? मी हिला इंग्लिशमध्ये टाकत होती. तुम्ही बोललात, आपल्या शाळेत फी नाय, पुस्तकं फुकट, आणि आम्ही पोरांना सोडत नाय. मी तुमच्याकडे बघून टाकली."

हे खरं होतं. दर एप्रिलला आम्ही शिक्षक पत्रकं घेऊन चाळीचाळीतून फिरतो. मुलं मिळाली नाहीत तर आमच्या नोकऱ्या जातात, म्हणून दारोदार हात जोडतो. 'आम्ही सोडत नाही' हे वाक्य पत्रकात छापलेलं नव्हतं. ते माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुट्टी टाकून दाखला घेऊन शाळेत आली. बरोबर प्रणाली, गणवेशात. सरांनी बसवून घेतलं, पाणी दिलं. एकदा दाखला गेला की नाव परत घालायला सचिवांची परवानगी लागते, म्हणाले. सचिव गावी होते. मग आजारी होते. मग त्यांनी सांगितलं, पुढच्या सभेत विषय घेऊ. प्रणाली पहिले काही दिवस गणवेश घालून गेटपर्यंत यायची. घंटा झाली की वॉचमन तिला म्हणायचा, "बेटा, तेरा नाम नहीं है." मग तिने येणं सोडलं.

मी तिला घेऊन शेजारच्या दोन शाळांत गेले. एका मुख्याध्यापिकेने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नववी नापास ना? परब बाई, आमचाही निकाल असतो हो." दुसरीकडे खुर्चीपर्यंतही पोचलो नाही.

शिक्षण खात्यात तक्रार लिहून दिली. अधिकारी मॅडमनी फोन केला, हे मान्य करायला हवं.

"पालकांच्या अर्जावर सह्या आहेत ना?"

"आहेत मॅडम, पण त्यांना काय सांगून घेतल्या..."

"सह्या आहेत म्हणजे स्वेच्छेने आहे. तुम्ही मुख्याध्यापकांशी बोलून घ्या. आणि बाई, शाळेतल्या गोष्टी शाळेतच मिटवाव्यात."

सात पालकांपैकी बाकी कुणी भांडायला तयार नव्हतं. शिवडीच्या एका मुलाचा बाप मला म्हणाला, "जाऊ द्या ना बाई. तो नाहीतरी माझ्याबरोबर गोदामातच येणार." पोरगा मागे उभा होता. महिनाभर ढोलांच्या शेजारी बसून त्याने समीकरणं सोडवली होती.

प्रणालीचा फॉर्म मी भरला. रविवारी ती माझ्याकडे यायची. दिवाळीनंतर तिच्या आईच्या कंत्राटदाराने माणसं कमी केली, तेव्हा प्रणाली लोअर परळच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात लागली. ट्रायल रूमच्या बाहेर उभं राहायचं, आत नेलेले आणि बाहेर आणलेले कपडे मोजायचे. वय दोन वर्षं वाढवून सांगितलं होतं. रविवारी मॉलला गर्दी, त्यामुळे रविवार गेले. ती सोमवारी रात्री यायची तेव्हा पाय सुजलेले असायचे.

मार्चमध्ये ती परीक्षेला बसली. गणितात पास झाली. इंग्रजीत आणि इतिहास-भूगोलात गेली. मी फक्त गणित शिकवत होते.

शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. त्यावर पहिल्या तीन मुलींचे फोटो, त्यांच्याहून मोठा सचिवांचा. सर पेढ्यांचा बॉक्स घेऊन स्टाफरूममध्ये आले. माझ्यासमोर बॉक्स धरला आणि क्षणभर थांबले. मी म्हटलं, "शुगर आहे, सर." मला शुगर नाही. त्यांनाही ते माहीत होतं.

यानंतर आली संचमान्यता. हा शब्द बाहेर कुणी ऐकलेला नसतो, पण आमची झोप त्याच्यावर अवलंबून असते. सप्टेंबरअखेर शाळेत किती मुलं आहेत ते मोजतात आणि त्यावरून सरकार ठरवतं की शाळेला किती शिक्षक मिळणार. मुलं कमी तर तुकडी कमी, तुकडी कमी तर शिक्षक कमी. जो उरतो त्याला 'अतिरिक्त' म्हणतात आणि जिथे जागा असेल तिथे पाठवतात.

आता हातात आलेली मान्यता मागच्या सप्टेंबरच्या मोजणीवरची होती, म्हणजे ती सात मुलं दहावीत असायला हवी होती त्या वर्षाची. तेव्हा आमच्या दहावीच्या दोन तुकड्या होत्या. दुसरी तुकडी टिकायला पाच मुलं कमी पडली.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. या वेळी मोबाइल टेबलावर पालथा ठेवलेला होता.

"बाई, मान्यता आलीय. गणित-विज्ञानाचं एक पद गेलं. सेवाज्येष्ठतेत तुम्ही शेवटी आहात. माझ्या हातात काही नाही."

"किती मुलं कमी पडली, सर?"

"पाच."

"आपण सात काढली होती."

गेल्या जूनमध्ये मी हाच प्रश्न विचारायला हवा होता. ही मुलं निकालातून काढली की ती पटावरूनही जातात, तिथे त्यांच्या जागी कुणाला दाखवणार आहात? तेव्हा माझ्या डोक्यात फक्त परीक्षा होती. त्यांच्या डोक्यात फक्त गेटवरचा बोर्ड होता. पट दोघांच्याही लक्षात आला नाही.

"पाच जणांची नावं सांगू?" मी विचारलं.

"परब बाई, प्लीज."

त्या वर्षीच्या आढावा बैठकीला मला नेलं नाही. पण मैत्रिणीने पडद्याचा फोटो पाठवला. आमच्या शाळेपुढे निकाल हिरवा. पटसंख्या लाल. एका मुलामागचा खर्च, तोही लाल, कारण मोजणी झाली तेव्हा मुलं कमी झाली होती आणि पगार तेवढेच होते. मैत्रीण म्हणाली, मॅडमनी निकालाबद्दल सरांसाठी टाळ्या वाजवायला लावल्या आणि पुढच्याच वाक्यात सांगितलं, ही शाळा महाग पडतेय, पुढच्या वर्षी विलीनीकरणाचा विचार करावा लागेल. सर उभे राहिले आणि म्हणाले, "सुधारणा करतो, मॅडम."

माझं समायोजन मानखुर्दच्या एका शाळेत झालं. लालबागहून जायला-यायला दिवसाचा मोठा तुकडा जातो. मुलं भरपूर आहेत, बाक कमी आहेत. प्रणाली त्या मॉलमध्ये आता बिलिंग काउंटरला आहे. राहिलेले दोन विषय कधी देणार विचारलं की म्हणते, "या ऑक्टोबरला नक्की, बाई." असे दोन ऑक्टोबर गेले. मी विचारत राहते. ती चिडत नाही, हीच गोष्ट मला सहन होत नाही.

नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी विचारलं, "तुमच्या आधीच्या शाळेत निकाल कसा लागायचा?"

"शंभर टक्के."

"अरे वा! मग इथेही तसंच करा की."

मी त्यांना म्हटलं, "करता येतं, सर. टक्केवारी वाढवायला दोन रस्ते आहेत. पास होणारे वाढवा, नाहीतर बसणारे कमी करा. दुसरा सोपा आहे. पण सप्टेंबरात त्याचं बिल येतं, आणि ते बिल मुख्याध्यापकाच्या नावावर येत नाही."

त्यांना बहुधा मी उद्धट वाटले. तरी एक गोष्ट त्यांनी मान्य केली. नववीच्या कुणाचेही पालक दाखला मागायला आले की त्यांना आधी माझ्याकडे पाठवतात. मी त्यांना सही करण्याआधी सगळं वाचून दाखवते. काही ऐकतात, काही तरीही सही करून जातात.

या शाळेचा निकाल शंभर लागत नाही. त्यामुळे गेटवर बोर्ड नाही आणि आढावा बैठकीला मला कुणी नेत नाही.